वामनआबांची सहावी दुर्बीण

वामनआबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या गळ्यात दुर्बीण होती, तिच्याकडे पाहिलं. पळसदेवच्या पुढे उजनी धरणाच्या फुगवट्याचा चिखल सुरू होतो, तिथं हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी मी एकटीच उभी होते. इंदापूरच्या शाळेत भूगोल शिकवायला लागून वर्ष झालं होतं, आणि बाईंना तालुक्यातले पक्षीसुद्धा ओळखता येत नाहीत, हे एका पालकानं सभेत ऐकवलेलं मला लागलं होतं. म्हणून मी पक्षी बघायला गेले होते. तेवढ्यात बांधावरून एक उंच, वाळकेसे गृहस्थ आले, कानटोपी सारखी केली आणि "द्या हिकडं" म्हणून त्यांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली.

पाण्यात शेकडो पक्षी होते. आबांनी एकाकडेही पाहिलं नाही. दुर्बीण हात लांब करून आभाळाकडे धरली आणि डोळा लावायच्या भिंगातला उजेडाचा ठिपका न्याहाळला.

"ठिपका कडंला चेपलाय," ते म्हणाले. "चांगल्या काचंत गोल दिसतो, भाकरीवानी. आन हे अंगावर काय छापलंय? नव्वद गुणिले ऐंशी. बाई, नव्वद पट खरंच दिसलं असतं तर त्या बगळ्याच्या पिसातली ऊ मोजली असती तुमी. खेळणं हाय हे. कुणी गळ्यात मारलं?"

ती माझ्या नवऱ्यानं वाढदिवसाला दिली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि आबा काय म्हणाले ते नवऱ्याला सांगितलं नाही.

वामनआबा बावड्याचे. विज्ञानाचे पदवीधर. एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. उसाच्या रसातली साखर मोजायचं एक नळीचं यंत्र असतं. त्याला एक डोळा लावून आतला उजेड जुळवायचा आणि आकडा वाचायचा. गाळपाच्या दिवसांत दर तासाला हे करायचं. कारखान्याचे अध्यक्ष बदलले, कार्यकारी संचालक बदलले, उसाचे वाण बदलले, पण आबांचा आकडा कधी कुणी खोटा ठरवला नाही. एकदा वरून निरोप आला होता की साखरेचा उतारा जरा वाढवून लिहा. आबांनी नोंदवही निरोप्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "ज्याला वाढवायचाय त्यानं सवता लिवावा, आन खाली सही करावी." सही करायला कुणी आलं नाही. ही गोष्ट ते आम्हाला वर्षातून दोनदा सांगत. दोन्ही वेळा तिच्यात एका शब्दाचाही फरक नसे.

त्या पहिल्या रविवारनंतर आबांनी मला दुर्बीण कशी घ्यावी, हे महिनाभर शिकवलं. आठ गुणिले बेचाळीस. आठ पट मोठं दिसणार आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची. मी म्हटलं, "दहा पटीची घेतली तर जास्त चांगलं नाही का?" तर म्हणाले, "दहा पट पाखरू दिसंल तसा दहा पट हातबी हलंल. तुमचा हात खडू धरणारा हाय." चष्मा असेल तर डोळ्याजवळचं रबर खाली दुमडता आलं पाहिजे. दोन्ही नळ्यांतून एकच चित्र दिसलं पाहिजे, दोन दिसली तर उठून यायचं. महागडीच्या नादाला लागायचं नाही, कारण महागडी दुर्बीण माणूस कपाटात ठेवतो. त्यांच्या सांगण्यावरून मी बारामतीत इक्बालभाईंच्या दुकानातून एक साधी, काळी, जडशीळ दुर्बीण आणली. इक्बालभाईंचं दुकान मुळात चष्म्यांचं, एका कप्प्यात चार-पाच दुर्बिणी असत. आबांनी ती आभाळाकडे धरली आणि म्हणाले, "ह्यो घ्या, गोल." एवढ्यावर मी त्यांची शिष्या झाले.

हळूहळू आम्ही सहा-सात जण झालो. दर रविवारी पाण्यावर जायचं, आबांनी पक्षी सांगायचे आणि वहीत नोंद व्हायची. आम्हाला पाणकावळा आणि बगळा यांच्या पलीकडे जे काही कळत होतं ते सगळं आबांनी दिलेलं होतं. त्यांची स्वतःची दुर्बीण मात्र पुण्याच्या जुन्या बाजारातली, लष्करी बनावटीची होती आणि तिच्या भिंगांत बुरशी धरली होती. "धुरकट दिसतं, पर माझी सवय हाय," म्हणायचे. अख्ख्या तालुक्याला दुर्बीण निवडून देणारा हा माणूस स्वतः बुरशीतून पक्षी बघत होता. मग एका सकाळी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवताना होडी कलली आणि ती दुर्बीण उजनीत गेली. होडीवाला उडी मारायला तयार झाला. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिचीबी नोकरी झाली."

आता आबांनी नवी दुर्बीण घ्यायची होती. आम्हाला वाटलं, आठवड्याचं काम.

पहिली इक्बालभाईंकडचीच घेतली, माझ्यासारखीच. दहा दिवसांनी परत केली. "काचंत धुकं हाय." दुसरी जावयानं ऑनलाइन मागवली. ती पिवळट निघाली. तिसरीतून कडा फाटलेल्या दिसत होत्या. चौथी एका निवृत्त फौजदाराकडून जुनी घेतली, ती दोन दिवसांत परत गेली. दर वेळी आबा आम्हाला दोष नीट समजावून सांगत. आता काच चीनची येते, वरचा लेप पातळ असतो, आत ओल धरते. आम्ही माना डोलवत होतो. मधल्या काळात आबांनी स्कूटर चालवणं सोडलं. "टायर गेलंय," म्हणाले. टायर गेलेलंच राहिलं. मग एका रविवारी त्यांनी वही माझ्या हातात दिली. "बाई, तुमचं अक्षार चांगलं हाय. हितनं पुढं मी सांगतो, तुमी लिवा." मला हा मोठा मान वाटला होता.

सुमनकाकू, म्हणजे आबांच्या पत्नी, चहा देताना एकदा म्हणाल्या, "मला बघायला आलं तवा पोह्याची बशी रिकामी व्हायच्या आत होकार दिला. आन दुर्बिणी चार बघून झाल्या."

"बायकूला परत करता येत न्हाय," आबा म्हणाले.

"आमालाबी," काकू म्हणाल्या आणि बश्या उचलून आत गेल्या.

त्याच हिवाळ्यात ते पोतं आलं. पाण्यातल्या एका वाळलेल्या बाभळीकडे बोट करून आबा म्हणाले, "चमचा. एकटाच हाय. लिवा." चमचा म्हणजे चमच्यासारख्या चोचीचा मोठा पांढरा पक्षी. मी माझी दुर्बीण लावली. बाभळीला खताचं रिकामं पोतं अडकलं होतं. वाऱ्यानं फुगत होतं. त्यावरची हिरवी अक्षरंसुद्धा मला दिसत होती. मी बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांच्याही दुर्बिणी तिकडेच होत्या. पण पोतं आहे, असं कुणी म्हणालं नाही. एक जण तर म्हणाला, "मोठा आहे, नाही?"

मी लिहिलं : चमचा, एक.

एकदा पोत्याला चमचा लिहिल्यावर पुढचं सोपं गेलं. राखी बगळ्यांचे क्रौंच झाले. होडीवर वाळत टाकलेल्या जाळ्याचं घुबड झालं. आमच्या वहीत असे पक्षी उतरायला लागले की ज्यांनी इंदापूर तालुक्याचं नावही ऐकलं नसेल. आबांचा मान राखतोय, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरं म्हणजे त्यांना चूक म्हणायला आमच्यापैकी कुणाची जीभ रेटत नव्हती.

पाचवी दुर्बीण पुन्हा इक्बालभाईंची होती. ती परत करायला आबा निघाले तेव्हा मी सोबत गेले. दुकानात गर्दी होती. इक्बालभाईंनी दुर्बीण हातात घेतली, दारात जाऊन रस्त्याच्या पलीकडे पाहिलं, परत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आबा, काच साफ आहे. राग मानू नका. तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या. मला बाहुलीत पांढरं दिसतंय."

आबा ताठ झाले. आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीस वर्षं ह्याच डोळ्यांनी साखर मोजलीय मी. तवा कुणी बोट दावलं न्हाय. माल खराब निघाला की गिऱ्हाइकाला आंधळं ठरवायचं, ही चांगली रीत हाय तुमची." मग दुर्बीण माझ्याकडे दिली. "बाई, तुमी बघा. धुकं हाय का न्हाय ते तुमी सांगा."

मी दारात गेले. समोर एका भांड्यांच्या दुकानाची पाटी होती. दुर्बिणीतून तिचं अक्षर न् अक्षर दिसत होतं, खालच्या कोपऱ्यातला रंगाऱ्याचा फोन नंबरसुद्धा. मी परत आले. आबा माझ्याकडे बघत होते, इक्बालभाई बघत होते, काउंटरवर चष्मा लावून बघणारी एक बाई बघत होती.

"थोडं आहे, आबा," मी म्हणाले.

इक्बालभाईंनी पैसे परत दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यानंतर आबा भेटेल त्याला सांगू लागले की त्या दुकानात पाऊल टाकू नका. आबांचा शब्द आमच्या भागात चालत असे. इंदापूर-बावड्याकडची चष्म्याची गिऱ्हाइकंसुद्धा दुसरीकडे जायला लागली. हे मला माझ्याच शाळेतल्या शिपायानं सांगितलं. त्यानंही चष्मा दुसरीकडूनच केला होता.

हे असंच चालू राहिलं असतं. पण पुण्याहून एका अभ्यासक मुलीचा फोन आला. उजनीवरच्या पाणपक्ष्यांवर ती काम करत होती आणि दहा वर्षं दर रविवारी ठेवलेली नोंदवही दुसऱ्या कुणाकडे नाही, हे तिला कळलं होतं. आबांना आभाळ ठेंगणं झालं. "बाई, स्वच्छ अक्षरात उतरवून काढा. आपलं काम आता पुस्तकात जाणार." मी वह्या घरी आणल्या. आठ वर्षांच्या नोंदी दोन आठवड्यांत उतरवून झाल्या. नवव्या वर्षातल्या त्या चमच्यापाशी येऊन हात थांबला. आबांना खूश ठेवायला लिहिलेलं ते पोतं आता कुणाच्या तरी अभ्यासात पक्षी म्हणून मोजलं जाणार होतं.

शाळेला सुट्टी टाकून मी बावड्याला गेले. आबा ओसरीत बसले होते, काकू शेंगा फोडत होत्या. रस्ताभर जुळवलेली प्रस्तावना मी विसरले.

"आबा, ते पोतं होतं."

"कसलं पोतं?"

"बाभळीवरचा चमचा. खताचं पोतं होतं ते."

आबांनी मान वर केली. "तुमाला तवाच दिसलं व्हतं?"

"हो."

"आन तुमी चमचा लिवला."

"हो."

"आन दुकानातली दुर्बीण?"

"स्वच्छ होती, आबा."

शेंगांचा आवाज थांबला. आबांनी तोंड अंगणाकडे वळवलं. त्यांना अंगणातलं काय दिसत होतं कोण जाणे. मग म्हणाले, "प्रयोगशाळेत हाताखालच्या माणसानं असला आकडा लिवला असता, तर त्याला मी दुसऱ्या दिवशी दारात उभा केला नसता."

"माहीत आहे."

"मी चुकलो ती माझ्या डोळ्याची चूक. तुमचं डोळं तर चांगलं व्हतं."

काकूंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आबांना म्हणाल्या, "बाईंना काय बोलताय. तुमी भाताला डाळ म्हणून लिंबू पिळत व्हता, तवा मी तरी कुठं सांगितलं. डागदरचं नाव काढलं की दिवसभर जेवत नव्हता."

मी निघाले तेव्हा आबांनी मला दरवेळेसारखं "या" म्हटलं नाही.

तीन आठवड्यांनी बारामतीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिन्याभरानं डाव्याचं. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर थांबला असता तर अवघड होतं. पहिली पट्टी निघाली तेव्हा मी दवाखान्यात होते. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले होते. आबांनी आधी खिडकी पाहिली, मग चादर पाहिली, ती इतकी पांढरी कशी म्हणून हात लावून बघितली. मग काकूंकडे पाहिलं.

"तुझं क्यास कवा पांढरं झालं?"

"तुमी दुर्बिणी बघत व्हता, तवा," काकू म्हणाल्या.

आबा हसले. मग मला म्हणाले, "बाई, बाजारच्या दिवशी मोकळ्या हाय का? इक्बालभाईकडं जायचंय."

बाजारचाच दिवस का, हे मला तिथं गेल्यावर कळलं. दुकान भरलं होतं. आबा काउंटरपाशी उभे राहिले आणि साखरेचा आकडा वाचावा तशा आवाजात म्हणाले, "आमच्या भागात मी सांगत फिरलो की ह्या दुकानातला माल खोटा हाय. माल खरा व्हता. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू व्हता. ह्या माणसानं मला तो तोंडावर सांगितला, आन मी त्याला लबाड ठरवलं. ज्यांनी माझं ऐकून दुसरीकडं चष्मं केलं, त्यांनी ह्ये बी ऐकावं."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. इक्बालभाई बाहेर आले, आबांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि चहा सांगितला. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. मला वाटलं, आता आपलंही सांगून टाकावं.

"इक्बालभाई, मीही त्या दिवशी खोटं बोलले."

"ते मला कळलं होतं, बाई," ते म्हणाले. "तुम्ही दारात उभ्या राहून समोरची पाटी वाचत होता. तुमचे ओठ हलत होते."

इतके दिवस हा माणूस हे मनात ठेवून गप्प राहिला होता.

मग आबांनी दुर्बीण मागितली. इक्बालभाईंनी काउंटरवर चार मांडल्या आणि गुण सांगायला सुरुवात केली. आबांनी पहिलीच उचलली. ना आभाळाकडे धरली, ना ठिपका बघितला. दारात जाऊन एकदा डोळ्याला लावली आणि "ही द्या" म्हणाले. ती चारांतली सगळ्यांत स्वस्त होती. इक्बालभाई म्हणाले, "आबा, बाकीच्या बघा तरी." आबा म्हणाले, "पाच बघितल्या की."

वह्यांचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. रोज सकाळी ओसरीत बसून त्यांनी शेवटच्या दोन वर्षांचं पान न् पान पट्टीनं आडवी रेघ मारून रद्द केलं आणि प्रत्येक पानाखाली "निरीक्षकाची दृष्टी सदोष" असं लिहून सही केली. मी म्हटलं, "आबा, त्यातले निम्मे पक्षी खरे आहेत. आम्ही पाहिलेत." ते म्हणाले, "निम्मं कुठलं, ते तुमी सांगणार?" पुण्याच्या त्या मुलीला आठ वर्षांच्या नोंदी मिळाल्या. तिनं आभाराचं पत्र पाठवलं आणि शेवटी लिहिलं की दोन वर्षं गाळल्यामुळे तिच्या आलेखात भोक पडलंय, जमल्यास ती मिळतील का. आबांनी पत्र दोनदा वाचलं. "भोक खरं हाय म्हणावं," ते म्हणाले. "आलेखात दाखवा."

त्यानंतरचे दोन हिवाळे आबा आमच्याबरोबर होते. रोहितांचा गुलाबी रंग इतका गडद असतो हे आपण विसरलो होतो, असं ते म्हणायचे. माझ्याशी पहिल्यासारखे बोलायला त्यांना पहिला अख्खा हिवाळा लागला. मग काकूंचे गुडघे गेले आणि मुलीनं दोघांनाही कोल्हापूरला नेलं. निघताना आबांनी वही माझ्याकडे दिली, या वेळी अक्षराचं कारण न सांगता. आता तिथं तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसतात. दर रविवारी दुपारी फोन करतात आणि कोणते पक्षी दिसले, ते विचारतात.

आता पाण्यावर जुनी मी आहे. नवे लोक येतात, मी सांगते, ते लिहितात. गेल्या रविवारी लांब चिखलात एका खुंटावर एक शिकारी पक्षी बसला होता. मी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "बहिरी ससाणा." सगळ्यांनी दुर्बिणी तिकडे केल्या. एक नवीन डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या, काहीतरी बोलणार होत्या, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, तोच असणार. तुम्ही म्हणताय म्हणजे." बाकीच्यांनी माना डोलवल्या.

त्या माना मी ओळखल्या. अशी मान मी स्वतः दोन वर्षं डोलवली होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "नाही, म्हणजे, शेपूट जरा लांब वाटली. पण मला काय कळतंय." मी पुन्हा दुर्बीण लावली तोवर पक्षी उडून गेला होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी बारामतीला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, काही झालेलं नाही. एवढी वाईट बातमी मला कुठल्या डॉक्टरनं दिली नव्हती. रविवारी दुपारी आलेला आबांचा फोन मी उचलला नव्हता, घरी येऊन मीच त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"डोळं चांगलं हायेत म्हणता," आबा म्हणाले. "मग पाखरू कंचं व्हतं?"

"माहीत नाही, आबा."

"वहीत काय लिवलं?"

"तेच. माहीत नाही."



"बरं," आबा म्हणाले. "आता फुडचं सांगा. चमचं किती आलं?"